कान्यशाय आपासाठी साडेतीन हात जागा

एकोणीस वर्षं झोल्दोशनं त्या मंडळीचा भार वाहिला होता. डोंगराच्या कुशीतल्या त्या किरगीझ गावात ख्रिस्ताचं नाव घेणारी सतरा माणसं. त्यांची रविवारची प्रार्थना त्याच्याच घरी, उपदेशही त्याचाच. म्हातारे पाळक सोरोन आजारपणामुळे शहरात मुलीकडे निघाले, तेव्हा आता मंडळी आपल्याच हाती येणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. बायकोनं त्या दिवशी मेंढरू कापलं होतं.

मंडळी सोपवताना सोरोननी हात ठेवला तो एमिलच्या डोक्यावर.

एमिल! सहा वर्षांपूर्वीपर्यंत दारू पिऊन बर्फात लोळणारा. शाळेच्या भट्टीत कोळसा टाकणारा. झोल्दोशनं सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली, पण ते मटण त्याला विषासारखं लागलं.

"माझं काय चुकलं?" त्यानं सोरोनना एकटं गाठून विचारलं.

"तू कधी चुकतच नाहीस, बाबा," म्हातारा म्हणाला. "मला त्याचीच भीती वाटते."

जानेवारीत कान्यशाय आपा गेली. गावची जुनी दाई. बारा वर्षांपासून मंडळीत होती. गावातल्या वडीलधाऱ्यांनी कबरस्तानात जागा द्यायला नकार दिला. बापजाद्यांची वाट सोडली, तिनं त्यांच्या शेजारी कशाला यावं?

एमिल आणि झोल्दोश अब्दिल्दा आजोबांकडे गेले. गावात त्यांचा शब्द शेवटचा. एमिल टोपी हातात धरून मुकाट ऐकत राहिला. बोलून बोलून म्हातारा हळूहळू निवळला. "माझी दोन्ही पोरं तिच्याच हातावर जन्मली..." असं पुटपुटत त्यानं चहाचा वाडगा पुढे केला.

झोल्दोशला कळलं, एमिल जिंकणार. काळजात सुरी फिरावी तसं झालं.

"कायदा आमच्या बाजूनं आहे, आजोबा," तो एकदम म्हणाला. "जिल्ह्याला अर्ज टाकतो. मग बघू कोण अडवतं ते!"

म्हाताऱ्याचा चेहरा दगड झाला. "उठा. चालते व्हा."

बाहेर आल्यावर एमिल भडकेल म्हणून झोल्दोश वाट पाहत राहिला. थोरल्या भावाला किरगीझमध्ये म्हणतात तसं 'बायके' म्हणत एमिल एवढंच बोलला, "चला बायके, आपाजवळ कुणीतरी बसायला हवं."

दुसऱ्या दिवशी एमिल एकटाच निघाला. झोल्दोश मागोमाग गेला आणि गवताच्या गंजीआड उभा राहिला. म्हाताऱ्यानं एमिलला फाटकाबाहेरच उभं केलं. दारुडा म्हणाला, धर्मबुडव्या म्हणाला.

"काल आमच्याकडून उर्मटपणा झाला, आजोबा. माफी मागायला आलोय."

"तू कुठे बोललास? तो दुसरा बोलला."

"माणसं माझ्या हाती सोपवलीत. म्हणजे बोललो मीच."

गंजीआड झोल्दोशचे कान तापले. एमिलला पडलेल्या शिव्यांचासुद्धा त्याला हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एमिल पुन्हा फाटकाशी उभा दिसला, तेव्हा अब्दिल्दा काठी टेकत स्वतः बाहेर आले. "तू काही हटायचा नाहीस," ते वैतागून म्हणाले. "पूर्वेच्या भिंतीलगत पुरा. तिला वाऱ्यावर सोडली तर माझीच पोरं मला जाब विचारतील."

जमीन लोखंडासारखी गोठली होती. आधी कोळसे पेटवून ती वितळवली, मग दोघं खड्ड्यात उतरले. कमरेइतकं खणून झाल्यावर झोल्दोशनं कुदळ खाली ठेवली.

"एमिल, त्या दिवशी मी मुद्दाम बोललो."

"ठाऊक आहे, बायके."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय खड्डा खणला गेला असता?" एमिलनं घाम पुसला. "कबरीपाशी बायबलचं वाचन तुम्ही करा. माझी जीभ अडखळते. आपाला ते नीट ऐकू गेलं पाहिजे."

दुपारी झोल्दोशनं वाचलं. आवाज खणखणीत होता, बायका रडत होत्या. भिंतीपलीकडे अब्दिल्दा उभे होते. ते आपल्याला ऐकताहेत ना, हे बघायला झोल्दोशची नजर वर गेली, आणि त्याला स्वतःचीच अशी लाज वाटली की ओळच हरवली. कसंबसं त्यानं वाचन संपवलं.

पहिली माती टाकायचा मान त्याचाच, असं धरून सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं फावडं एमिलपुढे धरलं. दांड्यावरची बोटं सुटता सुटत नव्हती, पण त्यानं ती सोडली.