पत्नी येणार आहे

कतारमधल्या लुसैल शहरातल्या एका बांधकाम कंपनीत नियोजनाचं सगळं काम देवव्रत सहस्रबुद्धे पाही. कुठलं कंत्राट घ्यावं, किती माणसं आणावीत, त्यांना कुठे राहायला द्यावं, हे तो अंदाजानं सांगे आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात हर्षल नावाचा तरुण इंजिनिअर रोज त्याच्यासमोर बसून तो विचार कसा करतो ते विचारत गेला आणि त्या उत्तरांचे नियम करून एका सिस्टिममध्ये भरत गेला. आता सिस्टिम आधी प्रश्न विचारी, मग सल्ला देई, आणि 'का?' म्हटलं की कारणही सांगे.

कर्मचाऱ्यांच्या राहण्याची आखणी करताना सिस्टिमनं देवव्रतसाठी दोह्याच्या अल गराफा वस्तीतला व्हिला सुचवला. एकट्या माणसाला कंपनी फक्त खोली देत असे. त्यानं कारण विचारलं.

'पत्नी येणार आहे.'

त्याची पत्नी चैत्राली वारली त्याला तीन वर्षं होत आली होती. नाशिकहून ती दोह्याला कधी आलीच नाही. आधी व्हिसा, मग सासूबाईंचं दुखणं, मग तिचं स्वतःचं. फोनवर मात्र दर वेळी विचारायची, "तिकडे संध्याकाळी वारा असतो का हो?"

"सर, असा नियम मी घातलेलाच नाही," सगळं तपासून हर्षल म्हणाला.

"आणखी कुणाला विचारलं होतंस?"

"नाही. फक्त तुम्हाला."

मॅनेजर जियादला यातलं काही ठाऊक नव्हतं. "सिस्टिम कधी चुकलीय? यल्ला, चल, घे," म्हणत त्यानं किल्ल्या पुढे केल्या. नको म्हणायला देवव्रतनं तोंड उघडलं आणि तो आभाराचं 'शुक्रन' म्हणाला.

त्यानं चैत्रालीला आवडणाऱ्या मोरपंखी रंगाचे पडदे लावले. कुकरमध्ये दोघांचा भात लावू लागला. जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कोणी नसताना, तो सिस्टिमला एवढंच विचारी: कधी? ती उत्तर देत नसे; एखाद्या कंत्राटाची माहिती घ्यावी तसं शांतपणे विचारत राही. कुठल्या कुशीवर झोपता? घरात शिरताना तिला काय म्हणून हाक मारता? रागावल्यावर किती वेळ गप्प राहता? इतक्या आपुलकीनं त्याला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. तो सगळं सांगत गेला.

एका गुरुवारी प्रश्न संपले. सिस्टिमच्या पडद्यावर उमटलं, 'माहिती पुरेशी आहे.'

तो घरी पोचला तेव्हा सूर्यास्ताची, मगरिबची अजान चालू होती. किल्ली फिरली, पण दार उघडेना; आतून कडी होती. आतून फोडणीचा वास येत होता. त्यानं बेल वाजवली. चपलांचा ओळखीचा आवाज दारापर्यंत आला.

"चैत्राली," तो कसाबसा म्हणाला.

"कोण आहे?" आतून तिनंच विचारलं, किंचित घाबरून. "जरा थांबा हं, हे आत्ताच जेवायला बसलेत."