देवळीतलं पाणी

सोलापुरात मे महिन्यात भिंतीला ओल येते, असं कुणी सांगितलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. दोरीवर टाकलेलं लुगडं आपण आत जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत कडक वाळतं. पण पंच्याहत्तर सालच्या मे महिन्यात आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत ओली झाली, आणि झाली तीही नेमकी आप्पांच्या फोटोमागे.

आप्पा म्हणजे माझे वडील, महिपती. होटगी जंक्शनवर जन्मभर त्यांनी गाड्यांची चाकं हातोडीनं ठोकून तपासली. चाक खणखणीत वाजलं की गाडी पुढे, बद्द वाजलं की डबा बाजूला काढायचा. रिटायर होताना त्यांचा हार घातलेला फोटो काढला होता आणि त्यात त्यांना मोठ्या साहेबाशेजारची खुर्ची मिळाली होती. त्या मे महिन्यात एका सकाळी पुसायला म्हणून त्यांनी तो खाली काढला, तर काचेच्या आत बुरशी. साहेब जागच्या जागी, आप्पांचं तोंड मात्र पार गेलेलं. मी पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. त्या महिन्यात तेवढंच काय ते हसू आलं.

मला आप्पांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. कारण श्रीमंतदादा, माझा थोरला भाऊ. त्यानं आदल्या वर्षी साखर पेठेतल्या एका विणकराच्या मुलीशी, भूदेवीशी, लग्न केलं. त्यांची जात वेगळी, घरात बोलणं तेलुगू. झालं, आप्पांनी डोक्यात राख घातली. दादाला दाराबाहेर उभा करून, गल्ली ऐकेल अशा आवाजात सांगितलं, "पुन्हा हा उंबरा ओलांडायचा न्हाय." दादा बायकोला घेऊन बार्शीला गेला आणि एका अडत दुकानात कामाला लागला. संक्रांतीच्या सुमारास त्याला मुलगी झाल्याचा निरोप माझ्या शाळेत आला. तो मी आईच्या कानात सांगितला, कारण घरात दादाचं नाव काढायची चोरी होती. तरी महिन्याभरात ती बातमी गल्लीलाही कळली आणि आप्पांनाही. नातीचं तोंड बघायला जावं, एवढंही त्या बाईला उघड म्हणता येईना.

आई भांडली नाही. तिला भांडता येतच नव्हतं. दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं देव पाण्यात घातले.

संकट टळेपर्यंत देव पाण्यात ठेवणारी घरं पुष्कळ आहेत, पण ती ठेवतात तांब्याच्या घंगाळात. आईचं माहेर वैरागकडचं. तिच्या गावात पाऊस ओढला की महादेवाच्या गाभाऱ्याचं तोंड मातीनं लिंपतात, पाणी जायची वाट बुजवतात आणि पिंड बुडेपर्यंत घागरी ओततात. त्याला म्हणतात देव कोंडणं. घंगाळात देव निवांत बसतो, कोंडला तरच जागचा हलतो, असं आईचं ठाम मत. आमचे देव स्वयंपाकघरात, भिंतीतल्या देवळीत असायचे. देवळी म्हणजे छातीएवढ्या उंचीवरचा खोल कोनाडा. तिनं त्याच्या तोंडाशी चिकणमातीचा बांध घातला, खंडोबाचा टाक, अंबाबाई आणि बाळकृष्ण आत ठेवले, ते बुडेपर्यंत पाणी ओतलं आणि देवळीची लाकडी दारं लावून घेतली. लेकराचं तोंड दिसेपर्यंत देव बाहेर काढायचे नाहीत, असं ती देवाशी बोलली. दिवा दारांबाहेरच्या फळीवर लावायची. आप्पा आंघोळ करून येत, त्या बंद दारांना हात जोडत आणि जात. दारं बंद का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

रोज सकाळी आई दार किलकिलं करून बघायची. पाणी खाली गेलेलं असायचं. तिचा चेहरा उजळायचा. "पेले बघ, माला," ती मला म्हणायची. "आमच्या गावात महादेव पानी प्याला लागला की पाऊस येतुयाच. ऐकायलेत देव." मग ती तांब्याभर पाणी पुन्हा ओतायची. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेतली मास्तरीण, पण खरं सांगते, तिचा तो चेहरा बघून मलाही वाटायचं, पीतच असतील.

तर फोटो खराब झाला आणि आप्पांनी घर तपासायला काढलं. कपाटातून जुनी हातोडी काढली आणि फोटोची ती पूर्वेकडची लांब भिंत, बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत सलग गेलेली, ठोकत सुटले. भिंतीला कान लावायचे, ठोकायचे, खडूनं फुली मारायचे. फोटोमागे बद्द. त्याच्या खाली बद्द. तिथून स्वयंपाकघराकडे जावं तसं जास्तच बद्द. पण स्वयंपाकघरापर्यंत ते पोचलेच नाहीत, कारण मध्येच त्यांना खिडकीतून शेजारच्या मायाप्पाची न्हाणी दिसली. आमच्या आणि त्यांच्या भिंतीत एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या पलीकडे ती न्हाणी. आप्पांना गुन्हेगार सापडला.

मायाप्पा मिलमध्ये कामाला, गरीब माणूस. रातपाळी करून नुकता झोपलेला. त्याला उठवून आप्पांनी बोळात उभा केला.

"तुझ्या न्हाणीचं पानी माझ्या भिंतीत मुरायलंय."

"आप्पा, माझी मोरी पलीकडं गटारीला हाय की. तुमच्या अंगाला थेंब न्हाय येत."

"मग माझी भिंत काय घामानं भिजली व्हय? न्हाणी बंद कर. न्हायतर म्युनिसिपालटीत अर्ज टाकतो, बिनपरवाना हाय तुझी न्हाणी."

न्हाणी होतीच बिनपरवाना. त्या गल्लीतल्या निम्म्या न्हाण्या तशाच होत्या. मायाप्पानं न्हाणी बंद केली. त्याची बायको गोजाबाई आणि दोन सुना अंगणात गोणपाट आडवं बांधून, लोक उठायच्या आत अंगावर पाणी घेऊ लागल्या. थोरल्या सुनेला दिवस गेलेले. मी हे रोज बघायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आप्पा ओसरीवर बसून भिंत वाळायची वाट बघत होते. भिंत वाळेना. उलट ओल आणखी हातभर पसरली.

मग धुळाप्पाला बोलावणं गेलं. आमचं घर यानंच बांधलेलं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणून भिंती विटा आणि मातीच्या, वरून तेवढा सिमेंटचा गिलावा. आप्पांना हे पक्कं माहीत होतं, पण धुळाप्पा पिशवी घेऊन दारात आला तसा त्यांनी त्याचा पाणउतारा सुरू केला.

"सिमेंटमधी राख घातलीस तू. माझं घर खाल्लंस."

धुळाप्पा अक्कलकोटकडचा, तोही काही कमी नव्हता. त्यानं पिशवी खाली आपटली. "राख घातली असंल तर माझ्या हातानं हे घर पाडून जातो. पर आधी बघू द्या. पावसाचं पानी वरनं येतंय, जमिनीचं खालनं चढतंय. हे मधनंच आलंय. मधनं पानी कुटनं येनार?"

ओल पुन्हा वाढली म्हणून मायाप्पाही गोजाबाईला घेऊन आला. त्याला आपला निर्दोषपणा डोळ्यांनी बघायचा होता, आणि त्यात त्याचं काय चुकलं? धुळाप्पानं बाहेरच्या खोलीत गिलावा थोडा खरवडला. आतली माती हातात घेऊन दाबली, तिचा गोळा झाला. तो तसाच खरवडत मधल्या भिंतीशी आला, मग आत स्वयंपाकघरात. त्याच्यामागे आप्पा, मायाप्पा, गोजाबाई. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले. धुळाप्पाचा हात भिंतीवरून वर वर सरकत देवळीखाली थांबला.

"हितनंच हाय," तो म्हणाला. "ह्या देवळीत काय ठेवलंय?"

"देव," आप्पा म्हणाले. "देवातनं पानी येतंय व्हय रं? दार उघड."

आई उठली आणि देवळीपुढे उभी राहिली. हाताला पीठ तसंच.

"बाजूला हो," आप्पा गरजले.

मला वाटलं ती रडेल, हातापाया पडेल. तिनं पीठ लुगड्याला पुसलं आणि स्वतःच दारं उघडली.

पाण्याखाली खंडोबा, अंबाबाई, बाळकृष्ण. वर सकाळची दोन फुलं तरंगत होती. धुळाप्पानं टोपी काढली. गोजाबाईनं पदर डोक्यावर ओढून हात जोडले. देव पाण्यात बघितल्यावर त्या घरात काहीतरी फार मोठं दुखतंय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कुणासाठी, हेही विचारावं लागलं नाही. दादा गेला तेव्हाचं आप्पांचं ओरडणं सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं.

"तुम्ही रोज हात जोडत होता," मी आप्पांना म्हणाले. "आत काय चाललंय, एकदा तरी बघितलंत?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

धुळाप्पानं हळूच बांधाच्या आत बोट घालून मागच्या विटा चाचपल्या. मग आईकडे वळला. "काकू, ह्या विटा मातीत बसवल्यात. आत गिलावा न्हाय. पानी मागनं उतरायलंय."

"सगळं?" आईनं विचारलं.

"व्हय."

"रोज कमी व्हायचं, ते?"

"ते बी. भिंतच पेली, काकू."

आई त्या पाण्याकडे बघत राहिली. मला त्या क्षणी धुळाप्पाचाही राग आला. खरं बोलला म्हणून आला. इतके महिने ती बाई रोज सकाळी उठून ज्या एका गोष्टीवर जगत होती, ती त्यानं एका वाक्यात काढून घेतली. तिचं ऐकणारं कुणी नव्हतंच. देवही नाहीत.

आप्पांच्या जागी दुसरा एखादा माणूस असता तर निदान तिथे खाली बसला असता. आप्पांच्या तोंडावरून काहीतरी सरकलं, मी बघितलं ते. एक क्षण वाटलं, आता म्हणतील, बोलाव त्याला. त्यांनी घसा साफ केला.

"धुळाप्पा," ते म्हणाले, "आतनं सिमेंट कर. चांगलं घोटून. म्हंजे झिरपायचं न्हाय."

माझा कानांवर विश्वास बसेना. भिंत वाचली पाहिजे. देव बुडालेले राहिले तर राहू देत, बायको जन्मभर पाणी ओतत बसली तर बसू दे, पण थेंब गळता कामा नये! मी चुलीजवळची कळशी उचलून फेकून मारली असती, धुळाप्पा मध्ये उभा होता म्हणून राहिली.

धुळाप्पा खाली मान घालून म्हणाला, "त्याला आधी वाळवाया लागंल. देव भाईर काढाया लागतील."

"मग काढा."

"काढते," आई म्हणाली.

इतक्या सहज म्हणाली की आप्पाही चमकले. तिनं पाण्यात हात घातला. एकेक देव काढला, पदरानं कोरडा केला, धुतलेल्या पंच्यात गुंडाळला आणि छातीशी धरला. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तव्यावरची भाकरी उतरवून ठेवली.

"माला, बार्शीची गाडी आता असंल का गं?"

"असेल," मी म्हणाले. नसती तर मी ती कुठूनही आणली असती.

आप्पा दारात आडवे आले. "देव घिऊन कुटं निघालीस?"

"लेकाकडं."

"त्यानं ह्या घरात यायचं न्हाय, हे सांगितलंय मी."

"त्याला सांगितलंय. मला न्हाय सांगितलं." आईचा आवाज चढलाही नाही. "लेकराचं तोंड दिसावं म्हनून देव कोंडले हुते मी. ते ह्याच घरात दिसावं, असं देवाला बोलले न्हवते. सरका."

आप्पा सरकले. का सरकले, ते त्यांनाही कळलं नसेल. चार माणसांसमोर बायकोला हात लावायची त्यांना लाज वाटली असेल, किंवा तिच्या छातीशी देव होते म्हणून असेल. मला त्यांची दया आली नाही, आणि यायला हवी होती असं आजही वाटत नाही.

अंगणात आई गोजाबाईपुढे थांबली. "बाई, माझ्या पान्यापायी तुमच्या लेकीसुना उघड्यावर न्हाल्या. मला म्हाईत न्हवतं."

"जावा तुमी," गोजाबाई म्हणाली. "नातीला माझा मुका सांगा." तिनं मायाप्पाकडे बघितलं आणि तिथंच, आप्पांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जावा, न्हाणीची कडी काढा आधी."

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा मागून आप्पांची हाक आली. मला वाटलं, चला, निदान दादाचं नाव घेतील, नातीचं काही विचारतील. आईही थांबली. तिलाही तेच वाटलं असणार.

"आनि माझ्या जेवणाचं काय?" आप्पा ओरडले.

आई पुढे चालू लागली. मी मात्र वळले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याइतक्याच मोठ्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "पीठ परातीत आहे. थापा!"