पहिल्या पानावरचा नंबर

"येणारा प्रत्येक जण म्हणतो, फोनवरच्या काकांनी पाठवलं," सिस्टर म्हणाल्या. "हे काका कोण? आणि नवी वेबसाइट सुरू झाल्यापासून माझा फोन एकदाही कसा वाजला नाही?"

प्रश्न वेबसाइट करणाऱ्या चौघांना होता. बसायला जागा नव्हती, म्हणून तिघं चाकांच्या खुर्च्यांवरच बसले होते आणि धाकटी वॉकरच्या ढिगाशेजारी उभी होती. सिस्टर निवृत्त नर्स. दवाखान्यामागच्या या खोलीतून त्यांचं मंडळ आजाऱ्यांना खुर्च्या, वॉकर, लोखंडी कॉट फुकट वापरायला देई. त्यांची आधीची वेबसाइट म्हणजे ती उघडेपर्यंत आजारी माणूस बरा होऊन चालायला लागावा! ती नवी करून द्यायचं या चौघांनी आपापली नोकरी सांभाळून अंगावर घेतलं होतं, एक पैसा न घेता. त्यांचा म्होरक्या तो दादा, एक मजकूर लिहिणारी, एक प्रोग्रामर आणि ही धाकटी, नुकतीच कामाला लागलेली डिझायनर. ऑफिसात तिच्या वाट्याला यायचं ते मोठ्यांनी केलेल्या बटणांचे रंग बदलणं. इथे मात्र पहिलं अख्खं पान तिनं एकटीनं केलं होतं आणि दादानं त्यातला ठिपकाही हलवला नव्हता. तेवढ्यासाठी ती या मंडळींची जन्माची ऋणी होती.

"लावूनच बघू," दादा म्हणाला. त्यानं मोबाइलवर वेबसाइट उघडली, 'आम्हाला फोन करा'वर बोट ठेवलं आणि स्पीकर चालू केला. सिस्टरांच्या टेबलावरचा फोन ढिम्म. पण कुठेतरी रिंग जात होती.

"बोला," पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. "काय हवंय? खुर्ची की वॉकर?"

दादा गडबडला. "खु... खुर्ची."

"कुणासाठी? आणि घराचं दार आधी मोजून घ्या बरं का. आम्ही आणलेली खुर्ची दारातच अडकली होती. आमच्या हिला तशा दुखण्यातही हसू आवरेना."

धाकटीनं आवाज लगेच ओळखला. ते तिचे बाबा होते.

दादानं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. मग धाकटीनं खाल मानेनं सांगून टाकलं. नंबर तिच्या आईचा होता. सिस्टरांचा नंबर हाती यायचा होता, म्हणून तिनं पानावर तात्पुरता तो टाकला होता. लहानपणापासून पाठ असलेला तेवढा एकच. पुढे तो बदलायचा राहून गेला. बटणाचे कोपरे किती गोल असावेत यावर बैठका रंगल्या होत्या, मजकुरातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासून झाला होता, पण नंबर लावून बघायचं कुणालाही सुचलं नव्हतं.

"शेवटचं तपासलं मी," दादा म्हणाला. "म्हणजे चूक माझीपण आहे. तू एकटीच तोंड पाडून उभी राहू नकोस."

"मिनिटाचं काम आहे. आत्ता बदलतो," म्हणत प्रोग्रामरनं लॅपटॉप उघडला.

"नको ना," धाकटी एकदम म्हणाली. "आजचा दिवस राहू दे."

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा घरी एकटेच. आईचा फोन ते रोज चार्ज करून ठेवत, का ते कुणी विचारत नसे. तेव्हापासून ते शब्दाला महाग झाले होते. धाकटी दर रविवारी फोन करी, तर पलीकडून 'हं', 'बरं', 'ठेवतो' आणि संपलं. आज एका अनोळखी माणसाशी ते आईच्या हसण्याबद्दल बोलले होते. नंबर बदलला की हे सगळं पुन्हा बंद होणार होतं.

सिस्टरांनी ते बरोबर ओळखलं असावं. "माझं म्हणशील तर माझी निम्मी कटकट गेलीय," त्या म्हणाल्या. "जेवायला बसलं की हमखास फोन वाजायचा. पण काकांना नीट विचार. त्यांना नको असेल तर ओझं टाकायचं नाही."

ती थेट घरी गेली. बाबा टेबलाशी बसले होते, चष्मा कपाळावर आणि आईचा फोन समोर.

"बाबा, तो वेबसाइटवरचा नंबर..."

"तूच दिलास ना? पहिला फोन आला तेव्हा डोकंच फिरलं माझं. हिच्या फोनवर कोण हे परकं माणूस! पण ती बाई अगदी रडकुंडीला आली होती गं. मग तू पाठवलेली वेबसाइट उघडली, सगळी वाचून काढली आणि पत्ता सांगितला तिला. म्हटलं, पोरीनं बापाला कामाला लावलं. बरं केलंस बाई."

हो म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! पण बाबांशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"मी मुद्दाम नाही दिला, बाबा. चुकून राहिला."

"अस्सं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. "मग आता बदलणार असाल."

"तुम्ही म्हणाल तसं. सिस्टर म्हणाल्या, काकांना..."

तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी तो झटकन उचलला. "बोला." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. "कॉट परत करायचीय. हं. कधी झालं?... काल."

'परत करायचं आहे' हे बटणही याच नंबराला जोडलेलं होतं. धाकटीनंच ते आखलं होतं, छान करड्या रंगात. ते दाबणाऱ्या माणसाच्या घरात आदल्या दिवशी काय झालेलं असतं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"कॉट कुठे पळून जातेय? राहू दे तिथंच, सावकाश पाठवा," बाबा म्हणत होते. "घरात कोण आहे तुमच्याजवळ?... येतील ना संध्याकाळपर्यंत? बरं. काही खाल्लंत का?... असं नाही चालत हो. मीही नव्हतो खात, म्हणून सांगतोय. जे असेल ते घ्या वाढून. फोन ठेवू नका, मी आहे इथं."

धाकटीनं हलकेच खुर्ची ओढली आणि ती त्यांच्याजवळ बसली. बाबांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. मग पलीकडचं ते अनोळखी माणूस चार घास खाईपर्यंत, आईचा फोन कानाशी धरून ते एक शब्दही न बोलता बसून राहिले.