अर्थाला मार्क नाहीत

एकतीस वर्षं मी क्लासमधल्या मुलांना एकच गोष्ट शिकवली. शब्द कळला नाही तरी उत्तर येऊ शकतं. आमच्या क्लासातून बाहेर पडलेले कितीतरी जण आज मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेत आणि त्यांना अजूनही बरेच शब्द कळत नाहीत. पद्धतीचं यश म्हणतात ते हेच.

पद्धत अगदी साधी होती. पेपरात विचारतात, ‘भय आणि निर्भय, तसं दोष आणि काय?’ मूल बिचारं भयाचा विचार करत बसतं आणि घाबरतं. मी सांगायचो, पहिल्या जोडीत शब्दाच्या डोक्याला काय चिकटलंय ते बघा, शेपटीला काय चिकटलंय ते बघा. डोकं म्हणजे उपसर्ग, शेपूट म्हणजे प्रत्यय. ते उचला, दुसऱ्या शब्दाला चिकटवा आणि पुढच्या प्रश्नावर जा. मधला मूळ शब्द झोपलेला असतो, त्याला उगाच उठवू नका. मुलं मला पाठीमागे शेपूटसर म्हणायची. तोंडावर म्हणणारी एक-दोन होती, ती पुढे वकील झाली.

आमची ही शिवणकाम करायची. बाजारात दहा बाय आठचं दुकान, एक मशीन, एक टेबल आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली टेप. मापं लिहून ठेवायची पद्धत तिच्याकडे नव्हती. एकदा टेप फिरली की माप कायमचं डोक्यात. एका गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं तिला त्याच्या बायकोच्या आधी कळलं होतं.

मागच्या वर्षी तिने एका कारकुनाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. कारकून सज्जन. आठवडाभर तो शर्ट घालून ऑफिसला गेला आणि मगच तक्रार घेऊन आला. ही हसली, मीही हसलो. आमची लेक छोटी मात्र हसली नाही. छोटी आता बेचाळीस वर्षांची आहे. तिने आईला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे नेलं आणि मला म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हीही चला. पण तिथे विनोद करू नका.’’

डॉक्टरबाईंनी हिच्याशी गप्पा मारल्या आणि तीन आठवड्यांनी सविस्तर चाचणी ठेवली. म्हणाल्या, ‘‘सुरुवातीलाच कळलं तर गोळ्या देता येतात. आजार जात नाही. जे हातातून सुटतंय ते जरा हळू सुटतं. उशीर झाला की फारसा उपयोग नसतो.’’

त्यांनी इतकं स्वच्छ सांगितलं. पण माझ्या कानांनी त्यातला ‘चाचणी’ एवढाच शब्द उचलला.

टेबलावर कोरी चाचणीपत्रिका त्यांच्याकडे तोंड करून पडली होती. उलटा पेपर वाचता येणं हे आमच्या धंद्यातलं बाळकडू. तारीख सांगा, घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं काढा, तीन वस्तू लक्षात ठेवा. आणि शेवटी दहा मार्कांना शब्दांच्या जोड्या! परक्या गावात अचानक सख्खा भाऊ भेटावा तसं मला झालं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर क्लास सुरू झाला. रोज दोन तास.

‘‘सुतार, सुतारकाम. तसं गवंडी?’’

‘‘भिंत,’’ ही म्हणाली.

‘‘भिंत नाही गं. शेपूट बघ. काम. ते चिकटव.’’

‘‘गवंडीकाम?’’

‘‘शाब्बास. लोहार?’’

‘‘लोहारकाम.’’ मग जरा थांबून, ‘‘अहो, पण लोहार काय करतो हो?’’

‘‘ते नंतर बघू. अर्थाला मार्क नाहीत.’’

ती खुदकन हसली. ‘‘म्हणजे आपल्या संसारासारखंच. तोही असाच पास झाला.’’

अशी बोलणारी बाई आजारी कशी असेल, तुम्हीच सांगा. मी स्वतःलाही हेच विचारत होतो आणि पूर्ण मार्क देत होतो.

अकरा वाजून दहा मिनिटांची घड्याळं तिने दोनशे तरी काढली असतील. चाचणीच्या दिवशी टॅक्सीत तारीख घोटून घेतली. आत गेली ती पाऊण तासाने बाहेर आली. तीसपैकी सत्तावीस. शब्दांच्या जोड्यांत दहापैकी दहा.

‘‘वयाच्या मानाने उत्तम आहे. गोळ्यांची गरज नाही. वर्षाने या,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. छोटीने तिथेच डोळे पुसले. आमच्या क्लासचा पहिला आलेला मुलगाही मला कधी इतका आवडला नव्हता.

आम्ही आइस्क्रीम खायला गेलो. छोटी पैसे द्यायला उठली तेव्हा हिने हळूच विचारलं, ‘‘आज काय आहे?’’

‘‘पास झालीस ना.’’

‘‘कोण?’’

मी तिच्या कपातलं वितळलेलं आइस्क्रीम चमच्याने गोळा करून तिला भरवलं. छोटीला काही सांगितलं नाही.

पुढचे आठ महिने मी सत्तावीस मार्कांवर काढले. छोटीचा फोन यायचा, ‘‘बाबा, आई मला काल ताई म्हणाली.’’ मी म्हणायचो, ‘‘थट्टा केली असेल, सत्तावीस मार्क आहेत तिला.’’ हिने साखरेच्या डब्यात बटणं भरली, तेव्हा मी ती गुपचूप निवडून काढली. पडद्याचं कापड कापता कापता टेबलावरची चादरही कापली, तर मी नवी चादर आणली, तशाच फुलांची. एकतीस वर्षं कॉपी करणाऱ्यांना पकडलेला माणूस मी. घरात इतक्या सफाईने कॉपी चालली होती, तर मला पत्ता लागू नये?

मग एका दुपारी तिच्या दुकानाशेजारचा घड्याळवाला तिला हाताला धरून घरी घेऊन आला. तिला आत बसवून तो दारात घुटमळला.

‘‘सर, वहिनी तासभर आपल्याच दुकानासमोर उभ्या होत्या. मला विचारलं, इथे कपडे शिवून कुठे मिळतात? मी आधी हसलो. वाटलं, फिरकी घेतायत माझी.’’ त्याने घाम पुसला. ‘‘मग त्यांनी पुन्हा विचारलं. मला ‘साहेब’ म्हणून.’’

तिने त्या घड्याळवाल्याला आयुष्यभर ‘ए बिघडल्या’ अशी हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच डॉक्टरबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. उलट्या पेपरापासून टॅक्सीतल्या तारखेपर्यंत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

‘‘रोज किती वेळ शिकवलंत?’’

‘‘दोन तास.’’

‘‘चांगलं शिकवता,’’ त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी परतवला असता, ती सवय आहे मला.

‘‘हे आठ महिने...’’ मी म्हटलं.

‘‘ते गेले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उद्या त्यांना घेऊन या. तुम्ही आत बसा, तुमच्याशिवाय त्या घाबरतील. पण खुर्ची भिंतीकडे वळवून.’’

भिंतीवर मेंदूचं मोठं चित्र होतं, शाळेतल्या नकाशासारखं रंगीत, प्रत्येक भागाचा रंग वेगळा. मी ते पाठ होईस्तोवर बघितलं. मागे तिची पेन्सिल कागदावर गोल फिरली आणि थांबली. पुढे आकड्यांचा आवाज आलाच नाही. तीन वस्तूंपैकी एकही आठवली नाही. साल विचारलं, तिने छोटीच्या जन्माचं सांगितलं.

मग जोड्या सुरू झाल्या आणि तिचा आवाज एकदम ताठ झाला. निर्दोष. अपकीर्ती. दुकानदार. बेशिस्त. फटाफट. माझी मान आपोआप डोलायला लागली, ती मी आवरली.

‘‘सुतार, सुतारकाम. तसं शिंपी?’’

‘‘शिंपीकाम.’’

‘‘बरोबर,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘‘शिंपीकामात काय करतात?’’

हा प्रश्न पत्रिकेत नव्हता.

‘‘काय करतात, सांगा ना आजी.’’

मग माझ्या पाठीमागून ती म्हणाली, ‘‘अहो.’’

मी मेंदूकडे बघत राहिलो.

‘‘अहो, सांगा ना. त्या विचारतायत.’’

परीक्षा हॉलमध्ये मुलं अशीच उत्तर मागायची, तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो आणि मला काहीच वाटायचं नाही. आता जीभ दातांखाली धरली. शिवतात गं, असं दोन शब्दांत सांगता आलं असतं. तिसऱ्यांदा तिने हाक मारली तेव्हा आवाजात रडू होतं आणि मी पाळलेली शिस्त मोडून मागे वळलो.

तिच्या हातात रुमाल होता. बोलता बोलता तिने त्याची कड दुमडली होती, एकसारखी, अर्ध्या बोटाची, आणि अंगठ्याच्या नखाने ती दाबत पुढे पुढे चालली होती. कोपऱ्यावर आली तशी नेमकी तिरकी घडी घातली. डोळे मात्र माझ्यावर होते, उत्तराची वाट बघत.

डॉक्टरबाईंनी काहीतरी लिहिलं आणि मग गोळ्यांचा कागद पुढे केला. म्हणाल्या, ‘‘थोडा उपयोग होईल. फार नाही.’’

आमच्याबरोबर आलेली छोटी बाहेर बाकावर बसली होती. हिला आमच्या मधे बसवलं आणि हिच्या डोक्यावरून मी छोटीला सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं ती ओरडेल. तिने नुसता माझ्या हातातला गोळ्यांचा कागद घेतला, वाचला आणि नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

ही तिच्याकडे वळून आपुलकीने म्हणाली, ‘‘तुमचा नंबर कितवा?’’

‘‘आमचा झाला, आई.’’

‘‘झाला ना? मग सुटलात,’’ ही म्हणाली आणि तिला नीट बसता यावं म्हणून जरा माझ्याकडे सरकली.