सासूच्या घशातलं पाणी

आणखी एक थेंब पडला, तरी बाटलीतलं पिवळं पाणी लाल व्हायला तयार नव्हतं. अग्लायाने बाटली हलवली, उजेडाकडे धरली आणि पुन्हा थेंब सोडू लागली. मागे फळ्यांच्या ढिगावर बसून सुतारांचा मुकादम पांक्रात मासळीचं सार ओरपत होता.

"अग्लाया सेर्गेयेव्ना, किती फोडण्या देणार त्या डबक्याला? आमच्या फळ्या खोळंबल्यात."

"खोळंबू देत. मीठ फार आहे यात, म्हणून लाल होत नाहीये."

"मग थोडं इकडे टाका. सार अळणी झालंय."

ती हसली, पण तिचा हात थांबला नाही. समोर राखाडी खडकाचा बसका उंचवटा होता आणि त्याच्या माथ्यावरच्या भोकात गढूळ पाणी निपचित पडलं होतं. कामचात्काच्या या ज्वालामुखीच्या उतारावरचा हा एके काळचा सगळ्यांत तापट गायझर, जमिनीतून उसळणारं उकळत्या पाण्याचं कारंजं. उसळण्याआधी बराच वेळ धुसफुसायचा, म्हणून वनरक्षकांनी त्याचं नाव 'सासू' ठेवलं होतं. मग एका उन्हाळ्यात कडा कोसळला, नदी तुंबली आणि सासू तळ्याखाली गेली. तळं ओसरल्यावर उरलं ते हे डबकं. अग्लायाचे गुरू रोदियोन अर्काद्येविचनी त्यात तापमापी बुडवली, मान हलवली आणि ज्वालामुखी संशोधन संस्थेत उभं राहून जाहीर केलं, सासू गेली. मयताच्या रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी तिच्या नावाने सगळे व्होडकाही प्याले. अग्लायाही प्याली.

आता त्याच उंचवट्यावर पर्यटकांसाठी लाकडी सज्जा उभा राहणार होता. जागा रोदियोन अर्काद्येविचनीच निवडली होती.

काठी टेकत तेही येऊन उभे राहिले. अग्लायाला ते लाडाने ग्लाशा म्हणत.

"काय गं ग्लाशा, मेलेल्याची नाडी बघतेस?"

"नाडी लागतेय."

"असं?"

"वरून मुरलेलं पाणी नुसत्या वाफेने तापलं असतं, तर आंबट असतं. हे आंबट नाही. आणि एवढं मीठ खोलवरच्या तापलेल्या खडकातून आल्याशिवाय येत नाही."

"मीठ तर वरच्या गरम झऱ्याच्या ओघळातही आहे. तेच जमिनीतून झिरपून इथं साचतंय." त्यांनी काठीने उताराकडे दाखवलं. "हे मीच तुला शिकवलंय."

सुतार हसले. अग्लायाने बाटलीला बूच लावलं.

"शिकवलंत. आणि हेही शिकवलंत की ओघळाचं पाणी निवता निवता खोल खडकातून विरघळवून आणलेली सिलिका वाटेतल्या दगडांवर टाकत येतं. मीठ तेवढं शेवटपर्यंत सोबत राहतं."

तिने दोन नळ्या काढल्या. एकीत उंचवट्याशी पोचलेलं ओघळाचं पाणी होतं. दुसरीत सासूच्या घशातलं. ते तिने सकाळी दोरीला वजन बांधून, बाटली जाईल तितकी खोल सोडून काढलं होतं. मीठ दोन्हींत जवळपास सारखंच होतं. तिने दोन्हींत सिलिका असेल तितकं पिवळं होणारं एकच रसायन टाकलं. पहिली नळी वाळक्या गवतासारखी फिकी झाली. दुसरी पिवळी होत गेली, होतच गेली, आणि अंड्याच्या बलकासारखी दिसू लागली.

रोदियोन अर्काद्येविचनी नळ्या घेतल्या आणि आभाळाकडे धरल्या. मग हात बदलून पाहिलं. मग चष्मा पुसून पाहिलं.

"खाली किती तापलं असेल?"

"उसळायला पुरेसं. तळ्याचा गाळ आणि गार पाणी घशात अडकलंय. मोकळा होईल उद्या, नाहीतर आणखी काही वर्षांनी."

"आणि आपण तिच्या टाळूवर बायापोरं उभी करणार."

"तेच सांगायला आलेय."

आता कोणी हसलं नाही. पांक्रातने चमचा खाली ठेवला.

"पण खड्ड्यांसाठी खुंट्या ठोकून झाल्यात."

म्हातारे काठी टाकून वाकले आणि पहिली खुंटी ओढू लागले. ती हलेना. त्यांनी तिच्या आईचा उद्धार केला. शेवटी पांक्रात उठला आणि दोघांनी मिळून ती उपटली.

"पलीकडच्या कड्यावर बांधा," ते धापा टाकत म्हणाले.

"संचालकांना काय सांगू?" पांक्रातने विचारलं.

"सांग, म्हातारा चळलाय."

"ते त्यांना आधीच ठाऊक आहे."

दुपारी हेलिकॉप्टर उतरलं. अग्लायाने पेट्या चढवल्या आणि ती रोदियोन अर्काद्येविचना आणायला गेली. ते डबक्याच्या कडेला एका रिकाम्या खोक्यावर बसले होते. त्यांची पिशवी बांधलेलीच नव्हती.

"उठा, पायलट थांबणार नाही."

"तू जा. खायला मासळी आहे, ऐकायला पांक्रातचे टोमणे आहेत. चाललंय माझं."

"संस्थेत काय सांगू?"

तळातून मधूनच वर येणाऱ्या एकेका बुडबुड्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

"सांग, पुरायची घाई झाली."

तिने आपले जाड हातमोजे काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी ते लगेच चढवले.

हेलिकॉप्टर उठलं तेव्हा तिने पायलटला उंचवट्यावरून एक फेरी मारायला सांगितली. खाली म्हातारे ताडकन उभे राहिले आणि काठी उंच करून जोरजोराने हलवू लागले.

"निरोप देतायत वाटतं," पायलट म्हणाला.

अग्लायाने काचेला कपाळ टेकवलं. पात्यांच्या वाऱ्याने डबक्यावर लाटाच लाटा उठल्या होत्या.

"निरोप कसला, शिव्या देतायत," ती म्हणाली. "त्यांना बुडबुडे दिसेनासे झालेत. वर घे लवकर."