विमानाच्या पोटात

हनुमंतने विमान कानाशी धरलं आणि हळूच हलवलं. खळ्ळ. पुन्हा हलवलं, पुन्हा तेच. पोटात काहीतरी सुटं झालं होतं.

"संपलं," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

त्याची बायको सुरेखा हात पुसत बाहेर आली. "आता काय झालं? काल तर पुरं झालं म्हनत हुता."

"आत सुटलंय काय तरी."

"सुटू दे की. शोभेला ठेवायचं इमान, कोन हलवून बघनार हाय?"

हनुमंतने घड्याळाकडे पाहिलं. चारला सरोजिनीबाई विमान न्यायला यायच्या होत्या आणि साडेतीन होऊन गेले होते.

एकोणीस वर्षांपूर्वी पडलेल्या खऱ्या विमानाची ही वीतभर प्लॅस्टिकची प्रतिकृती. सरोजिनीबाईंचा वैमानिक मुलगा अनीश त्यात गेला. हनुमंत तेव्हा त्याच्याच हवाई तळावर विमानांचा फिटर होता. नातीने मागवलेला सुट्या भागांचा डबा बाईंनी स्वतः आणून दिला होता. "त्याचं विमान तुमच्याइतकं कोण ओळखतं, हनुमंतराव? तिथीला फोटोपुढे ठेवायचंय."

डबा उघडताच हनुमंतने कपाळाला हात लावला होता. करणाऱ्याने विमान कधी पाहिलं तरी होतं की नाही, देव जाणे. डावा पंख दमलेल्या माणसाच्या खांद्यासारखा उतरलेला, नाक आखूड, आणि पोटाचे दोन भाग जुळवले तर मधून नख जाईल एवढी फट. तीन आठवडे तो हात धुऊन त्याच्यामागे लागला. पंख गरम पाण्यात बुडवून सरळ केला. फटीत पट्टी घातली, रंगकामाची लांबी भरली, पॉलिश पेपरने घासलं. नाक दोन मिलिमीटर वाढवलं. ते माप त्याला कुठे शोधावं लागलं नाही. विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिशाच्या गोळ्या चिकटवल्या आणि पोट बंद केलं. त्यातलीच एखादी सुटली असणार.

एवढ्यासाठी कोणाला घाम फुटत नाही. पण विमानाच्या पोटात काही सुटं राहणं म्हणजे काय, हे हनुमंतला ठाऊक होतं.

तळावर हत्यारांची, म्हणजे पाना-पक्कडींची, एक फळी असायची. प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर रंगवलेली. काम संपलं की प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीत परत गेलं पाहिजे. एक जरी आकृती रिकामी राहिली तर हत्यार विमानातच राहिल्याच्या भीतीने विमान जागचं हलायचं नाही. विमान पडलं त्या सकाळी चहाची गाडी आली होती. चहा निवेल म्हणून हनुमंतने फळीकडे न बघताच 'सर्व हजर' म्हणून सही केली. अनीशने जाताना त्याला हात केला. संध्याकाळी, सगळं होऊन गेल्यावर, फळीवर लहान स्क्रूड्रायव्हरची जागा रिकामी दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून तसलाच आणून तिथे लावला.

चौकशीत पक्षी धडकल्याचं निघालं. पक्षीच असेल. पण कोणालाच न सांगितलेला तो स्क्रूड्रायव्हर एकोणीस वर्षं हनुमंतला सुखाने घास गिळू देत नव्हता. सुरेखालासुद्धा त्याने सांगितलं नव्हतं.

आणि घास तर तो बाईंच्या घरीही खात होता. दर वर्षी तिथीला भटजींच्या शेजारी त्याचं पान मांडलं जायचं. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण बाईंनी कोणाला भीक घातली नाही. "त्याच्या विमानाला शेवटचा हात यांचा लागलाय," असं त्या सर्वांदेखत सांगायच्या आणि स्वतःच्या हाताने खीर वाढायच्या. हनुमंत मान खाली घालून खायचा.

त्याने कटरचं पातं घेतलं आणि सांध्यावर टेकवलं. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

"झालं का हो?" सरोजिनीबाई आत आल्या. त्यांनी विमान दोन्ही हातांत उचललं. पंखांवरून बोट फिरवता फिरवता त्यांचे डोळे भरले. "अगदी तेच. अगदी तस्संच." त्यांनी ते छातीशी धरलं, आणि खळ्ळ झालं.

"आत काही राहिलंय का?"

सुरेखा घाईने म्हणाली, "काय न्हाई बाई, वजन घातलंय त्ये. वाजतं जरासं."

"मग वाजू द्या. इतकं सुंदर झालंय, उगाच उघडू नका आता."

हनुमंतने हात पुढे केला. "द्या हिकडं."

"अहो, खराब होईल."

"हुऊ द्या."

त्याने पातं सांध्यात घातलं. तीन आठवड्यांचं काम कडकन उकललं, रंगाचा पापुद्रा निघाला. शिशाची एक गोळी टेबलावर घरंगळली आणि बाईंच्या हातापाशी थांबली. बाईंनी ती चिमटीत धरून बघितली आणि हसल्या.

"एवढंच होतं होय!"

"न्हाई," हनुमंत म्हणाला. त्याने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. स्वतः उभाच राहिला. "बाई, उद्या तिथीला माजं पान मांडू नका. बसा. आदी ऐका."