पहिली बादली

मित्रांनो, मला पाहून कुणालाही वाटते, ही गुरांना पाणी पाजायची टाकी असावी. त्यांचे अगदीच चुकत नाही. मी एक जुना पत्र्याचा हौद आहे आणि माझा जन्म गोठ्यासाठीच झाला होता. पण वेल्डरने मला जरा जास्तच खोल केले. गवळी म्हणाला, "यात म्हैस पाणी पिणार की पोहणार?" आणि मला न घेताच निघून गेला. मग एका लहानशा ख्रिस्ती मंडळीने मला आपल्या प्रार्थनागृहात आणले.

तिथे माणसे माझ्यात उतरून बाप्तिस्मा घेतात. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्यांना पाण्यात बुडवून वर काढतात आणि बाकीचे गाऊ लागतात. त्या दिवशी माझा थाट विचारू नका! एरवी मात्र गरज सरो, वैद्य मरो. मागच्या खोलीत माझ्यात झाडू आणि फाटक्या चटया कोंबतात. एकदा तर मांजर व्याली. मी कुरकुरलो नाही, कारण पिल्ले गोड होती.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याने ज्याचे वाईट केले असेल, त्याच्याकडे जाऊन आधी क्षमा मागायची. मग पहिली बादली त्या माणसाने माझ्यात ओतायची. त्यानंतरच नळ सोडतात.

एके दिवशी बेकरीवाला धापा टाकत आला. कोपऱ्यावरच्या उपदेशकाकडून जगाचा शेवट जवळ आल्याचे ऐकल्यापासून त्याची झोप उडाली होती. ट्रकचा भोंगा वाजला तरी त्याला शेवटच्या दिवशी वाजणारा स्वर्गातला कर्णा वाटे.

"पाळकसाहेब, या रविवारीच माझा बाप्तिस्मा उरकून टाका. पुढचा रविवार येतो की नाही, कुणास ठाऊक!"

"उरकायला ते काय भांडी घासणं आहे?" पाळक म्हणाले. "पहिली बादली कोण ओतणार?"

"बायको. तिला माझ्यापायी पुष्कळ सोसावं लागलंय."

रविवारी त्याच्या बायकोने बादली उचलली आणि तशीच खाली ठेवली. "अहो, माझं काय ते आपण घरी बघू. पण ही बादली माझी नाही, ती वन्संची आहे. तुम्हालाही ते माहीत आहे."

बेकरीवाल्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. त्याच्या धाकट्या बहिणीची पूर्वी त्याच गल्लीत बेकरी होती. तिच्या पिठात किडे असतात, असे त्याने गिऱ्हाइकांच्या कानात भरवले. तिची भट्टी विझली आणि आता ती दुसऱ्याच्या बेकरीत मैदा मळत होती.

"ती नाही यायची," तो पुटपुटला. "आणि तेवढ्यात शेवट झाला तर?"

पाळक त्याच्या शेजारी बसले. "देव काही बादलीसाठी अडून बसत नाही, बाबा. अडलंय ते तुझ्या मनात. नुसत्या भीतीने पाण्यात उतरलास, तर ओला होशील, एवढंच."

तो आठवडाभर बहिणीच्या दारी जात होता. ती दार उघडत नव्हती. मी रिकामाच पडून होतो आणि खरे सांगतो, मलाही घोर लागला होता.

पुढच्या रविवारी मात्र ती आली. तिने बादली भरून घेतली, पण ओतली नाही.

"दादा, माझ्याबद्दल गल्लीभर बोललास ना? मग आता या सगळ्यांसमोर बोल."

त्याने माझा काठ घट्ट धरला. "हिच्या पिठात कधीच किडे नव्हते. हिचा पाव माझ्याहून चांगला व्हायचा, ते मला बघवेना, म्हणून मी खोटं बोललो. छोटे, माझं चुकलं गं. मला माफ कर."



"राग सगळा गेलेला नाही," बहीण म्हणाली. "पण मनात थोडी जागा झाली आहे." आणि तिने बादली धाडकन माझ्यात रिकामी केली.

काय सांगू, मित्रांनो! इतके हलके मला कधी वाटले नव्हते, आणि तेही पाणी भरत असताना! बेकरीवाला ढसाढसा रडत पाण्यात उतरला आणि हसत वर आला. बहिणीने त्याच्यापुढे टॉवेल धरला.

"डोकं पूस आधी. जगाचा शेवट होईल तेव्हा होईल, तुला सर्दी मात्र आजच होईल. आणि उद्या पहाटे मी भट्टीवर येते. तुझं पीठ फार सैल असतं."

मित्रांनो, शेवटचा दिवस कधी येणार, हे कुणालाच ठाऊक नाही. पण तो येईल तेव्हा मन स्वच्छ असावे असे वाटत असेल, तर ज्याला दुखावले आहे त्याचे दार आजच वाजवा. ते उघडले नाही, तर उद्या पुन्हा जा. पाण्याचे मी बघतो, पण त्या दारापर्यंत तुमचे तुम्हालाच चालावे लागेल.